दोनच मिनिटं

तेव्हा मी अवघी साठ वर्षांची पोर, अक्कल कुठून असणार? दुबईत, करामातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभेत मी ठणकावून ठराव मांडला, की कार्यकारिणीत कुणालाही दोनच टर्म मिळतील, तिसरी नाही. नेम अर्थातच अध्यक्षांवर होता. वर्षानुवर्षं खुर्चीत तेच. ‘दोनच मिनिटं घेतो’ म्हणून माईक धरायचे आणि मागे पोहे गार होऊन दगड झाले तरी सोडायचे नाहीत. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतःच हसायचे, मग ‘यल्ला, पुढे!’

त्या दिवशी मात्र “ठराव उत्तम आहे,” एवढंच म्हणून त्यांनी पहिला हात वर केला. मग सगळ्या सभेनेच केला. मी ऐटीत खाली बसले, तोच सून कानाशी कुजबुजली, “आई, सांस्कृतिक सचिव म्हणून तुमची ही चौथी टर्म आहे.”

गणपतीतलं नाटक गेलं की हो माझ्या हातातून! चहाच्या टेबलापाशी मी तोंड पाडून उभी होते. अध्यक्ष माझ्यासाठी कप घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, तुमच्याही टर्म मी मोजल्या होत्या. आता यंदा दोघं मागच्या रांगेत बसू आणि नव्या कमिटीच्या चुका काढू. दोनच मिनिटं!”