नवेगावचा लांबचा रस्ता

आज शेजारणीने शिंगाडे उकडले आणि त्या वासाने मला नवेगावचे तळे आठवले. आता तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आहे, मोटारी जातात. तेव्हा आबा आणि मी स्टेशनापासून पायीच गेलो होतो. माझी थोरली बहीण तिथले जंगल राखणाऱ्या नाकेदाराला दिली होती.

परतताना ताई पोहोचवायला निघाली. तिने आम्हाला टेकडीवर चढवले, खालचे निळे पाणी दाखवले, मग तळ्याच्या काठाकाठाने फिरवले. तिच्या दंडावर वळ होते. "काटे लागले," म्हणाली.

"काहून फिरवून राहिली वं? गाडी चुकन. मागावर लुगडं अर्धं हाय माहं," आबा चिडले.

"चुकू द्या ना आबा. उद्या मीबी येतो संगं."

"जावयाले न इचारता?"

ती हसली. मला वाटले, ताई हौसेने जंगल दाखवते आहे. आमची गाडी चुकावी म्हणून ती तो लांबचा रस्ता चालत होती, हे मला पुढे तिच्या मरणाची बातमी आली तेव्हा कळले.

त्या दिवशी आबांनी माझा हात धरून मला पळवत नेले. गाडी मिळाली, खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.