पडद्यामागून दिसलेला शिपाई

दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, जऊळका स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत सरकारी मोटारीनं लढाईचा सिनेमा दाखवला. गावातला तो पहिलाच. दुपारपासून लोक पोती टाकून जागा धरत होते. दिवेलागणीपर्यंत बैलगाड्यांची रांग रुळांपर्यंत गेली. पडदा दोन बांबूंना ताणून बांधला होता. पुरुष पडद्यासमोर बसले, बाया पडद्याच्या मागच्या बाजूला. मी मागे होते.

माझा मोठा भाऊ आठ दिवसांपूर्वी ब्रह्मदेशातून परतला होता. त्याला हार घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्याच्या शेजारी केनवडचा एक म्हातारा शेतकरी होता. त्याचा मुलगा भावाच्याच पलटणीत होता. तो परतला नव्हता. मुलगा कसा गेला, हे विचारायला म्हातारा आला होता. "सांगतो, काका," म्हणत भावानं दिवस घालवला होता.

पडद्यावर धूर उसळला. त्यातून एक शिपाई जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन धावत आला. बंदूक त्याच्या डाव्या हातात होती.

"आवं, डावरा हाये! हा तं आपलाच!" माझी चुलती ओरडली.

भाऊ डावखुरा, हे गावाला ठाऊक होतं. सगळ्या बाया उठल्या.

"बसा ना वं! उजव्या हातात हाये बंदूक!" समोरून कोणी म्हणालं.

"तुमचे डोये फुटले काय? इकडून पाहा!"

पडद्यामागून चित्र उलटं दिसतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. बाया वळसा घालून समोर आल्या, मीही आले. यंत्रवाल्यानं यंत्र थांबवून गॅसबत्ती पेटवली. तोवर चुलतीचं ऐकून पोरांनी भावाला खांद्यावर घेतलं होतं. "बहाद्दर! बहाद्दर!"

म्हाताऱ्यानं त्याच्यापुढे हात जोडले. "पाठीवरचा माहा पोरगा होता काय रे बाप्पा? तू आनलं त्याले?"

भाऊ धडपडत खाली उतरला.

"नाही, काका. तो मी नाही. तुमच्या पोरानं मले आनलं. मले ठेवलं अन् दुसऱ्याले आनाले पुन्हा गेला. मंग आलाच नाही."

"हे सांगाले दिवस काहून लावला?"

"हे लोक मले बहाद्दर म्हनून राह्यले, काका. तुमच्यापुढं तोंड उघडेना."

"तू पायलं त्याले जाताना?"

"पायलं. मले म्हने, पडून राय, हलू नको."

"दौडत गेला?"

"दौडतच."

म्हातारा गर्दीकडे वळला. आवाज शेवटच्या गाडीपर्यंत गेला. "आयकलं का? दौडत गेला माहा पोरगा!"

मग भावाकडे पाहून म्हणाला, "हे त्याच्या मायले सांगाले चाल."

लोकांनी यंत्रवाल्याला तो भाग पुन्हा लावायला लावला. या वेळी बाया समोरच बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केनवडची गाडी निघाली. भाऊ तिच्यात होता.