एवाझियोचं नाक

एवाझियो गाराव्हेल्लीचं नाक मोठं होतं, हे त्याच्या बायकोनेही कधी नाकारलं नाही. गावातल्या बारमध्ये आधी ते शिरायचं आणि एवाझियो मागाहून. पण मोंतेल्लेरा गावात त्या नाकाला हसायची कुणाची छाती नव्हती. गावाची उन्हाळी सहल गेली एकोणीस वर्षं त्याच नाकाच्या भरवशावर निघत होती.

सहल गोळेवाल्या मंडळाची. चर्चमागच्या मैदानात रोज संध्याकाळी लोखंडी गोळे टाकायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायची, एवढंच या मंडळाचं कार्य. जूनच्या शेवटच्या शनिवारी मात्र चार गाड्या निघायच्या, बावीस जण त्यात कोंबले जायचे आणि दोन दिवस डोंगरांमधून खात-पीत हिंडायचे. चर्च पाहायचं नाही, किल्ला पाहायचा नाही. गॅरेजवाल्या सेकोंदोने एकदा चुकून म्हटलं, की वाटेत तो जुना मठ बघू या का. तेव्हापासून गाव त्याला 'मठाधिपती' म्हणतं.

आखणी सगळी एवाझियोची. चौतीस वर्षं तो बाटल्यांची बुचं विकत फिरला होता. नीझ्झापासून रोक्काव्हेरानोपर्यंत ज्याच्या तळघराच्या पायऱ्या त्याने मोजल्या नाहीत असा द्राक्षवाला शोधून काढावा लागला असता. मार्च लागला की स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरायचा, कानावर लाल पेन्सिल चढायची आणि बायकोला कणीक मळायला जागा उरायची नाही. मग वसंतात पांढऱ्या डबड्या गाडीतून एकट्याने जायचं, प्रत्येक खानावळीत जेवायचं आणि त्या त्या ठिकाणची एक बाटली घरी आणायची. सहलीआधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटली की, बारच्या अंगणात त्या बाटल्या उघडायच्या. एवाझियो बूच काढणार, हुंगणार. मान डोलली की सगळ्यांचे पेले भरायचे. नाही डोलली, तर बाटली व्हिनेगरच्या पिंपात आणि ते ठिकाण नकाशावरून बाद. त्या मानेपुढे कुणी ब्र काढायचा नाही असा रिवाज होता. फादर पाळायचे, मग बाकीच्यांची काय कथा!

यंदा जानेवारीत एवाझियोला ताप आला. आठवड्याने उतरला, पण जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला.

त्याला ते कळलं कॉफीमुळे. शेगडीवर कॉफी उतू जाऊन भांडं जळून काळं झालं, आणि हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. डेल्फिना, म्हणजे बायको, अंगणातून धावत आली.

"अरे, घर पेटवतोयस की काय! एवढं नाक देवाने कशाला दिलं तुला, चष्मा ठेवायला?"

तो हसला. ती बाजारात गेल्यावर तो तळघरात उतरला आणि पिंपाच्या तोंडात कानापर्यंत डोकं घातलं. काही नाही. कोरड्या आडात वाकून बघावं तसं. लसूण ठेचून हुंगला, बुटात नाक घालून बघितलं. बूटही गप्प.

त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं. गोळे टाकण्यात एवाझियो इतका कच्चा, की तो आपल्या गटात येऊ नये म्हणून माणसं चिठ्ठ्या टाकायची. गाणं येत नाही, राजकारण कळत नाही. नाक गेलं तर गावात त्याचं नेमकं काय उरणार होतं? शिवाय औषधाच्या दुकानातली ओत्ताविया आठ वर्षं टपून बसलेली. ओत्तावियाने आस्तीला जाऊन वाइन चाखण्याचा रीतसर अभ्यास केला होता. प्रमाणपत्र दुकानात लावलेलं, खोकल्याच्या औषधाच्या बरोब्बर वर, खोकणाऱ्याला वाचावंच लागावं असं. "एवाझियोजी, आराम करा हो आता," असं ती दर वर्षी म्हणायची. लाल पेन्सिल एकदा तिच्या कानावर गेली की परत येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

म्हणून मार्चमध्ये नकाशा पसरला गेलाच, आणि एप्रिलमध्ये पांढरी गाडीही निघाली.

पहिली खानावळ आक्वीच्या वरच्या अंगाला. आन्योलोत्ती समोर आली, मांसाचं सारण भरलेली, लोण्यात घोळलेली. एवाझियोने घास घेतला. ओला कागद. दुसरा घास, ओला कागदच, जरा गरम. मालक फडकं खांद्यावर टाकून समोर उभा.

"काय मग, बुचवाले? यंदा आणताय का मंडळींना?"

"बघू," एवाझियो म्हणाला आणि खरोखरच बघू लागला, कारण बघण्याशिवाय त्याच्या हाती काही राहिलं नव्हतं. आतल्या टेबलाशी मालकाची आई जेवत होती. शेजारी सून, म्हणजे स्वयंपाकीण, वाढायला उभी. ताट संपेपर्यंत म्हातारी सुनेला एक शब्द बोलली नाही. मग तिने पावाचा तुकडा तोडला, ताटातला रस्सा निपटून पुसला आणि ताट पुढे केलं. एवाझियोने वही काढून लिहिलं: 'सासूने खोड काढली नाही. वर पुन्हा मागितलं.'

त्या दिवसापासून तो तोंडं वाचू लागला. कोर्तेमिलियाला तीन पाद्री हेझलनटचा केक खात होते, आणि संपेपर्यंत तिघांपैकी कुणाला देव आठवला नाही. हे वहीत गेलं. रोक्काव्हेरानोजवळ बकरीचं चीज करणारी बाई स्वतःच्या दुपारच्या भाकरीवर कालचं जुनं चीज घेते की विकायचं ताजं, हेही गेलं. एका झकपक खानावळीत पडदे रेशमी होते, पण नऊ ताटांपैकी एकही पावाने पुसलं गेलं नाही. त्यावर लाल फुली. अकरापैकी पाच ठिकाणं अशीच बाद झाली. पुसलेल्या ताटांचा असा हिशेब इतक्या बारकाईने त्याने उभ्या जन्मात ठेवला नव्हता. पूर्वी काय, स्वतःच्या ताटात नाक घातलं की काम झालं!

खानावळींचं असं निभावलं. पण बाटल्यांचं काय? बंद बाटलीला तोंड नसतं वाचायला.

रविवार आला. बारच्या अंगणात चिनाराच्या झाडाखाली टेबलं जोडली, बावीसच्या बावीस जण हजर. सहा बाटल्या ओळीने उभ्या. ओत्ताविया अगदी पुढे, स्वतःचा पातळ काचेचा पेला पिशवीतून घेऊन आलेली.

एवाझियोने पहिली उघडली, बूच नाकाशी धरलं, डोळे मिटले. हा अभिनय मात्र त्याला उत्तम जमला, चौतीस वर्षांची सवय. मान डोलली, पेले भरले. दुसरी, तिसरी, चौथी तशीच गेली. नशीब म्हणा. त्याला वाटलं, जमलं की! निघाली यंदाची सहल.

पाचवी बार्बेरा. त्याने बूच हुंगलं आणि मान जरा जास्तच रुबाबात डोलावली.

पेले भरले, बावीस घोट गेले. दुसरा घोट कुणी घेईना.

सेकोंदो एरवी घोट कुठे गेला ते स्वतःलाही कळू न देणारा माणूस. त्याने तो गालात धरून ठेवला आणि झाडाकडे बघू लागला. फादरनी हळूच छातीवर क्रूस काढला. पण मान डोलली होती ना! कुणी बोलणार कसं?

"यंदाची... वेगळी आहे," सेकोंदो कसाबसा गिळून म्हणाला.

"मातीतली आहे," बारवाली इरमा म्हणाली.

"खोल आहे," फादर म्हणाले. "फार खोल."

"तळघराइतकी," कुणीतरी मागून पुटपुटलं.

ओत्तावियाने पेला टेबलावर ठेवला, हात जोडून मांडीवर घेतले आणि ओठ घट्ट मिटले. डेल्फिना आपल्या चपलांकडे बघत होती.

तीन महिने तोंडं वाचलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? बाटलीला बूच लागलं होतं. बूच सडकं निघालं की वाइनला भिजल्या पुठ्ठ्याचा, ओल्या भिंतीचा वास येतो, शेंबड्या पोराला कळेल असा. आणि जन्मभर बुचं विकलेल्या माणसाने त्यावर मान डोलावली होती.

तेवढ्यात सेकोंदोने, बिचाऱ्याने, केवळ मान राखायचा म्हणून, पेला पुन्हा तोंडाकडे नेला.

"ठेव तो खाली, मठाधिपती," एवाझियो म्हणाला. "बूच लागलंय बाटलीला."

"तुम्ही मान डोलावलीत ना पण!"

"डोलावली. मला वास येत नाही. जानेवारीपासून काही म्हणजे काही येत नाही. आत्ता तुमची थोबाडं बघून कळलं." त्याने कानावरची लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "मंडळाने काय ते ठरवावं."

डेल्फिनाच आधी बोलली.

"मला माहीत होतं."

"तुला? कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. लसूण आणि अँचोवी मासळी न घालता बान्या काउदा करून वाढला तुला. नुसतं कोमट तेल! बोटं चाटत म्हणालास, डेल्फिना, आज जमलंय."

अंगण फुटलं. फादरना ठसका लागला.

"मग बोलली का नाहीस?" एवाझियो लाल होऊन म्हणाला.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकात कुणी खोड काढत नव्हतं. मी कशाला बोलू?"

हसणं ओसरलं तसे सगळे ओत्तावियाकडे बघू लागले. आठ वर्षं जिची वाट पाहिली ती पेन्सिल तिच्या पुढ्यात पडलेली. तिने हात पुढे केला, पण उचलली वही.

"ही ठिकाणं मग निवडलीत कशी?"

ती मोठ्याने वाचू लागली. सासूचं वाचलं, पाद्र्यांचं वाचलं. चीजवालीचं वाचताना आवाज जरा मऊ झाला. रेशमी पडद्यांवरची फुली आली, तशी ती थांबली.

"इथे मी मागच्या महिन्यात माझ्या आस्तीच्या मास्तरांबरोबर जेवले," ती म्हणाली. "दोघांनी तासभर स्तुती केली. आणि एवाझियोजी, पाव टोपलीत होता तसा परत गेला."

"मग ठिकाणं बरी आहेत का?" त्याने विचारलं. आवाज इतका लहान, की त्या नाकातून आला असं वाटेना.

"मला भूक लागली नुसतं ऐकून," सेकोंदो म्हणाला. "त्या सासूच्या शेजारी मी बसणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"गप रे," ओत्ताविया म्हणाली. तिने टेबलावरचा बूच काढायचा स्क्रू उचलून घेतला, अगदी दुकानातलं कपाट बंद करावं तशा ठामपणे. "हा माझ्याकडे. एकोणीस वर्षांचा रिवाज असो नाहीतर नसो, पुठ्ठा मी पुन्हा पिणार नाही. पेन्सिल उचला तुमची."

एवाझियोने ती उचलली नाही. डेल्फिनाने उचलली आणि त्याच्या कानावर खोचली, जरा जोरातच.

सहावी बाटली ओत्तावियाने उघडली. बूच हुंगलं, पेला फिरवला, आस्तीला शिकवलं असेल तसं बराच वेळ काय काय केलं. लोक कंटाळून बाकावर सरकू लागले. शेवटी एकदाची मान डोलली.

सगळे प्याले. एवाझियो तिच्या मानेकडे बघतच नव्हता. तो सेकोंदोकडे बघत होता. सेकोंदोने पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि कुणाच्याही नकळत, शेजारी इरमाचा भरलेला पेला होता तो स्वतःकडे ओढला.

एवाझियोने नकाशा उलगडला आणि त्या बाटलीच्या गावाभोवती लाल गोल काढला.

घरी जाताना डेल्फिना म्हणाली, "रात्री काय करू जेवायला?"

"कर काहीही. पण माझ्यासमोर बसून जेव," तो म्हणाला. "आणि मीठ घाल. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."