कमी मिठाची बरणी

भाईंदरहून मी बैलगाडीनं उत्तनला निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. मुंबईच्या इस्पितळात दादाच्या उशाशी जागून अंग मोडून आलं होतं. दादाच्या पापण्या उघडत नव्हत्या, घोट उतरत नव्हता. ताप नाही, शुद्ध मात्र पूर्ण.

"अन्नातलं विष असावं. असा रोग मी पुस्तकातच वाचलाय," डॉक्टर म्हणाले. "खाल्लेलं आणा, तरच खात्री होईल."

आमच्या आगरातून मीठ नेणाऱ्या उत्तनच्या मारीबाईंनी धाडलेलं माशांचं लोणचं दादानं एकट्यानंच संपवलं होतं. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून मी बरणी राखेनं घासून, तांदूळ भरून परतही पाठवली होती. आता दुसरी बरणी असेल, एवढीच आशा.

वाटेत दोन्ही अंगांना मिठाची आगरं. पांढऱ्या राशींनी डोळे दुखत होते.

"भगताला दावा, ताय. ह्ये बाहेरचं हाय," गाडीवान म्हणाला. दादाचं दुखणं त्याच्याही कानावर गेलं होतं. मी नुसती मान हलवली. परक्यांशी बोलणं मला जमत नाही.

मारीबाईंनी माडाखाली बसवून शहाळं दिलं. मी कसंबसं सांगितलं. त्या तडकल्या.

"माज्या लोणच्यानं? तुजा दादाच बोलला, दिसभर आगरात मीठच खातो, लोणच्यात तरी कमी घाल. म्हणून त्याचं येगळं घातलं. वर तेल, तोंडाला मेण. दुसरी बरणी हाय तशीच. बघ, मीच खाते!"

त्यांनी मेण फोडून बोट बुडवलं. मी त्यांचा हात धरून खाली ओढला.

"नको, मारीबाई!"

एवढ्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. त्या उठल्या. मग हात साबणानं धुतला, बरणी फडक्यात बांधली. "ने. पण काय ते सांगाय ये."

प्रयोगशाळेत लोणच्याचा अर्क उंदरांना टोचला. काहींना तसाच, काहींना उकळून. उकळलेला टोचलेले हुंदडत राहिले. बाकीच्यांच्या कुशी आत ओढल्या गेल्या, धाप लागली, मेले.

"तेच विष," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी आणि बरणी हवाबंद, त्यात ते तयार होतं; उकळलं की नासतं. उतारा इथे मिळत नाही. श्वास टिकला तर वाचेल."

मग नुसतं बसून राहणं. त्याची छाती वर येते का, एवढंच पाहायचं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी पुन्हा उत्तनला गेले. मारीबाईंची बरणी प्रयोगशाळेतच राहिली होती. नव्या बरणीत आमच्या आगराचं मीठ भरून नेलं. त्या दारातच उभ्या होत्या.

"दादा?"

"काल पेज गिळली. म्हणाला, अळणी आहे."

"मेला! आता मीठ मागतो व्हय!" म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, कळलं नाही.

परतीच्या गाडीत मला झोप लागली. भाईंदर आल्यावर गाडीवानानं उठवलं.