दस्तुर मास्तरांचा, अंगठा आमचा

"काकू, हात धुतलेत ना?"

टेबलाभोवती सगळा वर्ग बसलेला. अनघा मॅडमनी विचारलं फक्त मला. कागद माझा, माझ्या बापाच्या पेटीतला, मीच इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आलेले. तरी मी उठले. "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि धुऊन आले. परत येऊन बघते तर तोच कागद सगळ्यांच्या हातांतून फिरतोय. बेसिनकडे दुसरं कुणी गेलेलंच नव्हतं.

मी सातवीत शाळा सुटलेली बाई. मुलाकडे आले, नातवाला सांभाळते. इथल्या विद्यापीठात जुने कागद संपादित करायला शिकवतात. गुलामांचे, मजुरांचे, आपल्यासारख्यांचे. तिथे मला बसू दिलं ते अनघा मॅडमनी. त्या पुण्याच्या, प्राध्यापक बाईंच्या मदतनीस. मला गाडीतून नेत-आणत. त्यांच्या उपकारांखाली मी इतकी वाकलेली की मान वर करायचीसुद्धा भीती वाटायची.

कागद म्हणजे आमच्या वस्तीचा अर्ज. मयत न्यायला वाट द्या, एवढंच मागणं. आम्ही तिरडी ओढ्यातून न्यायचो, पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून. वस्तीने बसून मजकूर ठरवला, गावच्या मास्तरांनी लिहून दिला. खाली निळे अंगठे, त्यात माझ्या बापाचाही, प्रत्येकाशेजारी नाव, आणि शेवटी 'दस्तुर' म्हणून मास्तरांची सही. दस्तुर म्हणजे नुसतं लिहिणारा हात.

मॅडमनी पडद्यावर छापायची तयार प्रत दाखवली. लेखक : मास्तर. खाली, 'व इतर'. एकही अंगठा नाही.

मी हळूच म्हणाले, "मॅडम, माझे वडील कुठायत?"

"काकू, त्यांनी अंगठाच दिलाय ना? लिहिलं कोणी?" त्या हसल्या. "आणि तुम्हाला ना मार्क, ना क्रेडिट. कशाला टेन्शन घेताय यार!"

मागचा एक मराठी पोरगा फिसकन हसला.

मागच्याच आठवड्यात प्राध्यापक बाईंनी शिकवलं होतं. त्या काळ्या अमेरिकन, त्यांची पणजी गुलाम. म्हणाल्या होत्या, ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने कागदावर फुली मारली. ती फुली पुसायची नाही. ती त्याची सही. मला मुलाने रात्री नीट मराठीत सांगितलं होतं, म्हणून पक्कं लक्षात होतं.

मग त्यांची फुली सही, आणि माझ्या बापाचा अंगठा 'व इतर'?

मी उभी राहिले. माझ्या मोडक्या इंग्रजीत समोर बसलेल्या प्राध्यापक बाईंना म्हणाले, "मास्तर नो रायटर. ऑल थंब, रायटर."

अनघा मॅडमनी घाईने बाईंना सांगितलं, "शी इज अ लिटल इमोशनल."

इमोशनल कळतं मला. सूनही तेच म्हणते.

मग मॅडम मराठीत, दबक्या आवाजात, "काकू, बसा. तुम्हाला इथं कोणी आणलं, विसरलात?"

विसरले नव्हते. म्हणूनच तर हात धुऊन आले होते, थँक्यू म्हणत. मी टेबलावरचा कागद उचलला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि पिशवीत ठेवला. छापायच्या परवानगीवर सही मागितली होती. ती केली नाही. त्यांच्या गाडीत बसले नाही. बर्फात उभी राहून बसने आले.

मुलगा चिडला. "आई, पंगा कशाला घेतलास? तिनेच सोय केली ना तुझी?"

केली. त्याचं ऋण आहे, राहील. पण ते माझं आहे. बापाच्या नावातून मी ते फेडणार नाही.

आधी अंगठ्यांची नावं, एकेक, लेखकाच्या जागी. मास्तरांचं खाली, दस्तुर म्हणून, मानाने. नाहीतर कागद छापू देणार नाही. आणि वर्गही सोडणार नाही. सातवीत शाळेतून मला गुपचूप, कारण न सांगता उठवलं होतं, मी उठले होते. आता उठवायचं असेल तर सगळ्यांसमोर सांगावं लागेल, का ते. इंग्रजीत सांगा. मी अर्थ विचारीन.