धुतलेली गन

जयलक्ष्मी कुलकर्णी ही धारवाडातल्या वकिलाची मुलगी. घरात तीन पिढ्या काळे कोट, हिनं मात्र गळ्यात शिट्टी अडकवली. वडील विठ्ठलराव म्हणायचे, "आमच्यात सगळे तोंडानं भांडतात, हिला दांडकं लागतंय." ते दांडकं सॉफ्टबॉलच्या बॅटचं होतं. मुलींच्या शाळेत ती खेळाची बाई झाली आणि कानडी-मराठी सगळ्याच मुलींची जयक्का झाली. अंगानं भरभक्कम, जिभेनं तिखट. मैदानावर तिनं आवाज चढवला की शेजारच्या गल्लीतल्या बायका दूध उतू गेलं की काय म्हणून स्वयंपाकघरात धावायच्या.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकणारी मुलगी म्हणजे पिचर. हात रहाटासारखा गरकन फिरवून कमरेखालून फेक करायची. ती फेक किती वेगाची, हे मोजायला नव्वदच्या दशकात जयक्काजवळ एक स्टॉपवॉच होतं. चेंडू हातातून सुटला की बटण दाबायचं, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये थप्प झालं की पुन्हा दाबायचं. तेवढ्या निमिषात अंगठा काय दिवे लावणार? लाडक्या मुलीची फेक असली की तो आपसूक लवकर दाबला जायचा. चेंडूला फिरकी किती, हे तर ती नुसत्या नजरेनं आणि कानानं ठरवायची, आणि ठरवलं की ब्रह्मदेवालाही बदलू द्यायची नाही.

शेजारचा सुमंत तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. दोन हजार तीन साली तो कामासाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा इंटरनेटवरची चित्रं छापून घेऊन तिच्याकडं आला. "अक्का, तुमच्या खेळाचं एक काहीतरी आणतो. निवडा."

एका चित्रात वेग मोजणारी गन होती. चेंडूवर रोखली की पाठीमागं आकडा उमटतो. दुसऱ्या चित्रात अर्धा तांबडा, अर्धा पांढरा असा चेंडू होता. तो हवेत कसा फिरतो ते रंगावरून कळतं, असं सुमंतनं समजावलं.

"हे बाळाचं खेळणं कुणाला पाहिजे?" जयक्का म्हणाली. "फिरकी मला दिसते की. ती गन आण."

गन आली आणि मैदानाचा नूरच पालटला. मुली फेकायच्या आणि पळत येऊन आकडा विचारायच्या. आकडा वाढला की जयक्का पाठीवर थाप मारायची, घसरला की उद्धार करायची. लहान मुलींनी तर चिंचा पैजेवर लावायला सुरुवात केली. जयक्काला वाटलं, इतकी वर्षं आपण अंधारात चाचपडत होतो, आता कुठं दिवा लागला.

त्या दिव्याखालचा अंधार भारतीच्या वाट्याला आला. भारती अळणावरजवळच्या खेड्यातली, रोजंदारीवर जाणाऱ्या सोनाबाईची मुलगी. खेळाडू मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती आणि सरावाला जयक्काच्या मैदानावर यायची. तिचा चेंडू वेगाचा नव्हता, पण बॅटरपुढं आला की पाय घसरल्यासारखा खाली बुडायचा. त्याला ड्रॉप म्हणतात. चांगल्या चांगल्या मुली त्याच्या वरून बॅट फिरवून तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहायच्या. यंदा राज्याच्या संघात निवड झाली तरच वसतिगृहातली जागा टिकणार होती. नाहीतर पोरीला गावी परतायचं, आणि गावात कॉलेज कुठलं? पुस्तक मिटलं की खुरपं, हे भारतीला कुणी सांगायची गरज नव्हती.

निवड चाचणी दसऱ्याच्या लगेच नंतर हुबळीत होती. भारती जीव तोडून आकडा वाढवायला लागली. आकडा वाढलाही. पण चेंडू बुडायचा थांबला. सरळ सुतासारखा यायचा आणि शाळेतल्या आठवीच्या मुलीही तो टोलवायला लागल्या. "अजून जोर लाव!" जयक्का ओरडायची. ती जोर लावायची आणि अजून मार खायची. रात्री पोरगी जेवत नाही, असं वसतिगृहाच्या बाईंनी जयक्काला येऊन सांगितलं.

आली खंडेनवमी. त्या दिवशी हुबळी-धारवाडात जे जे हत्यार म्हणून आहे ते ते धुऊन पुसून पुजायचं, मग ते कारखान्यातलं यंत्र असो की गिरणीवाल्याची सायकल. शाळेत खेळाच्या सामानाची पूजा असायची आणि सामान काढायचं काम भारतीकडं. जयक्का मैदानावर आली तेव्हा बॅट, ग्लोव्ह, चेंडू नीट मांडलेले होते. मधोमध, पाटावर, झेंडूची माळ घातलेली गन. तिच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं.

"हे काय गं?"

"धुतली की, जयक्का," भारती कौतुकानं म्हणाली. "नळाखाली धरून, साबण लावून. लई धूळ बसलेली. आमच्यात नवमीला नांगरबी धुतात, विळाबी धुतात."

जयक्कानं बटण दाबलं. आकडा नाही, उजेड नाही, काही नाही. "अय्यो, यव्वा!" ती मटकन पायरीवर बसली. मग उठली आणि असं काही बोलली की पूजेला आलेले बाळाचार्य मंत्र विसरून संध्येचं पाणी सोडायला लागले. भारती रडली नाही. गनवरचं पाणी ओढणीनं पुसत राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

पूजा झाली. बाळाचार्यांनी प्रत्येक चेंडूला ओल्या कुंकवाचं बोट ठसठशीत टेकवलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही." चाचणी तोंडावर आलेली, तरी कुणी हात लावला नाही. नवमीला हत्यार उचलायची छाती जयक्कालाही नव्हती.

दसऱ्याला सकाळी आचार्यांनी पूजा उतरवली. जयक्कानं भारतीला बोलावून घेतलं. कालचं बोलणं तिला रात्रभर टोचत होतं, पण माफी मागायची सवय त्या घराण्यातच नव्हती. ती म्हणाली, "चल, मी कॅचर होते." आणि वयाचा विचार न करता ग्लोव्ह घालून उकिडवी बसली.

भारतीनं फेकलं. हातात गन नाही, बघायला आकडा नाही, म्हणून जयक्कानं कितीतरी दिवसांनी नुसत्या चेंडूकडं बघितलं. कुंकवाचा ठिपका चेंडूच्या तोंडावर गोल गोल फिरत होता, गिरमिटाच्या टोकासारखा. जयक्का चमकली. ड्रॉपचा चेंडू असा फिरत नाही. तो पुढच्या अंगाला वरून खाली लोळत यायला हवा, तरच बुडतो.

"पुन्हा टाक. पुन्हा."

तेच. जोर लावायच्या नादात पोरीचं मनगट आडवं वळत होतं. हे आपल्याला कधीच दिसलं नाही! डोळे त्या आकड्याला बांधून ठेवले होते. जयक्काला स्वतःची मनस्वी लाज वाटली आणि ती मोठ्यांदा हसली सुद्धा. बाळाचं खेळणं म्हणून ज्याला हिणवलं, तेच देवीनं कुंकू लावून हातात ठेवलं होतं.

"भारती, जोर गेला खड्ड्यात. बोटं चेंडूच्या पाठीवरून वर ओढून घे. पातेल्याच्या कडेची साय काढतेस तशी."

ऊन चढेपर्यंत दोघी लागल्या होत्या. मग एकदा ठिपक्याची वरून खाली तांबडी रेघ झाली, आणि चेंडू जयक्काच्या ग्लोव्हखालून निसटून तिच्या नडगीवर बसला. "अगं आई गं!" म्हणत ती आनंदानं लंगडत नाचली.

हुबळीच्या चाचणीत निवड समितीजवळ त्यांची स्वतःची गन होती, आणि तिचा आकडा मोठ्या फलकावर सगळ्यांना दिसायचा. आधीच्या मुलींचे आकडे दणदणीत होते. भारतीनं पहिला चेंडू टाकला आणि फलकाकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं. दुसऱ्याला तिनं जोर लावला, आकडा वाढला, आणि बॅटरनं चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला. समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळाकडं बघितलं.

जयक्का उठली. संथपणे चालत गेली आणि फलकापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. फलक मोठा होता, पण जयक्काही काही लहान नव्हती.

"मॅडम, बाजूला व्हा. आकडा दिसेनासा झालाय," गृहस्थ ओरडले.

"तुमच्या हातात गन आहे की, सर. तुम्ही तिथं बघा. पोरीला बघायचं कारण नाही."

भारतीला आता समोर फक्त जयक्का दिसत होती. जयक्कानं बोटं वर ओढून दाखवली. पोरीनं श्वास घेतला, हात रहाटासारखा फिरला. चेंडू बेताचाच आला आणि ऐनवेळी बुडाला. बॅट वरून गेली. पुढचाही तसाच. त्याच्या पुढच्या चेंडूला बॅटर गुडघ्यावर आली. आणखी एक बॅटर पाठवली, तीही हवा मारून परतली. तेव्हा त्या गृहस्थांनी गन टेबलावर ठेवली आणि ते कॅचरच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी संघ वाचून दाखवला. भारतीचं नाव आलं तेव्हा तिला खरंच वाटेना. जयक्काला मात्र खरं वाटलं आणि ती चारचौघांत पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडली. आकडा चढल्यावर झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या दिवशी झाला.

परतीच्या बसमध्ये भारतीनं हळूच विचारलं, "जयक्का, शेवटच्या बॉलचा आकडा किती पडला हो?"

"कुणास ठाऊक," जयक्का म्हणाली. "मी तुझ्याकडं बघत होते."