डावीकडचं उणे सात

ताट वाढण्याच्या बाबतीत आमची आई कोणाचं ऐकत नाही. भाजी-आमटी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, मीठ वर मधोमध. घाईघाईत मी कधी चटणी उजवीकडे वाढली तर ती बोलत काही नाही, फक्त ताट माझ्या हातातून काढून घेते, पुसते आणि पुन्हा वाढते. तिच्या या शिस्तीची मी जन्मभर टिंगल केली आहे. पण बाबांचं हरवलेलं गणित आम्हाला त्या ताटापाशी सापडलं, म्हणून हल्ली गप्प बसते.

बाबा गणिताचे शिक्षक. संगमनेर तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं गणित काही सुटलं नाही. गल्लीतलं कोणीही वही घेऊन ओट्यावर आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि माझ्या कुठल्याही कवितेनं तो चेहरा तसा उजळलेला मला आठवत नाही. गणिताशी माझं बिनसलं ते ऋण संख्यांपाशी. उणे गुणिले उणे अधिक का होतं, असं मी सातवीत विचारलं होतं आणि बाबांनी ‘नियम आहे’ एवढंच सांगितलं होतं. मला नियम आवडत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला आणि बोलणंही शाबूत राहिलं. घरी आल्यावर काही आठवड्यांत ते काठी धरून अंगणात चालायला लागले, तेव्हा मोठ्या संकटातून सुटलो असं आम्हाला वाटलं. बारीकसारीक गोष्टी खटकत होत्या, नाही असं नाही. दाढी करायचे ती एकाच गालाची. भांग पाडायचे, पण डावीकडचे केस तसेच उभे राहायचे, मग आई हसत हसत कंगवा फिरवायची.

जेवताना मात्र तिला हसू येत नसे. बाबा रोज विचारायचे, आज चटणी नाही का केली? शेंगदाण्याची चटणी समोर ताटात असायची. आई म्हणायची, ही काय. ते ‘हं’ म्हणायचे आणि नुसत्या भाजीशी भाकरी खाऊन उठायचे. आपल्या हाताची चटणी आता त्यांना नको झाली, असं आईनं मनाशी ठरवून टाकलं. त्याहून वाईट म्हणजे ती अगदी शेजारी बसलेली असताना ते मला विचारायचे, तुझी आई कुठं गेली? हळूहळू तिनं शेजारी बसणंच सोडलं.

आमच्या शेजारच्या घरात एक बाई राहते. माहेर जामखेडकडचं. दहावीच्या आधीच लग्न झालं आणि शाळा तिथंच थांबली. आता तिची मुलगी नववीत आहे, आणि लेकीच्या आधी आपण दहावी पास व्हायचं असं तिच्या मनानं घेतलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून परीक्षेला बसली. बाकीचे विषय निघाले, गणित मात्र राहिलं आणि फेरपरीक्षेलाही राहिलं. येत्या मार्चला तुम्हाला पास करतो, असा शब्द बाबांनी तिला आजारी पडण्यापूर्वीच दिला होता. तिची एकच मोठी खोड होती. संख्येच्या आधीचं उण्याचं चिन्ह ती हमखास विसरायची. ‘बाई, पुन्हा चिन्ह खाल्लंत,’ असं बाबा ओरडायचे, आणि ती हसून म्हणायची की सर, मी भाकरीपेक्षा चिन्हंच जास्त खाते.

चालता यायला लागल्यावर बाबांनी पहिला निरोप पाठवला तो तिलाच. ती रोज दुपारी ओट्यावर येऊन बसू लागली. आईला बरं वाटलं आणि मलाही. मग एके दिवशी मी कॉलेजातून परतत असताना तिनं मला फाटकाशी गाठलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. शेवटी खाली बघत म्हणाली, ‘ताई, आता सरांचंच चिन्न ऱ्हातंय. उणे सातात तीन मिळवलं तर सर धा म्हनत्यात.’

मग तुम्ही सांगत का नाही, असं मी जरा तोडूनच विचारलं.

‘सरांना मी कसं सांगू? ते म्हनतील तसं लिव्हते, अन घरी जाऊन खोडते.’

मी तिची वही मागून घेतली. मला गणित येत नसलं तरी पुस्तकाच्या मागची उत्तरं बघता येतात. उणे सात अधिक तीन याचं उत्तर हवं उणे चार, वहीत होते दहा. एकोणपन्नासचं वर्गमूळ अधिक एक म्हणजे सात अधिक एक, आठ. वहीत होते पन्नास. उणे तीन गुणिले उणे चार, याचं उत्तर बारा असायला हवं, तिथं उणे बारा होतं. खालच्या ओळीत तिनं घरी जाऊन बरोबर उत्तरं लिहिली होती. सरांना दिसू नये म्हणून अक्षर मुंगीएवढं बारीक काढलं होतं. मला तिची माया आली आणि रागही आला, आणि माझा राग नेहमी आधी बाहेर पडतो.

वही नेऊन मी बाबांसमोर ठेवली आणि हे चुकलंय म्हणाले. त्यांनी चष्मा नीट केला. सात आणि तीन दहाच की, म्हणाले. मी म्हटलं, सातच्या आधी उणे आहे. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, ते सातवरच, आणि तिथून पुढं सरकवलं. कुठं आहे? मग मी त्यांचं बोट धरून चिन्हावर नेलं. तिथं ते बराच वेळ थांबले. दुसऱ्या उदाहरणातही मीच बोट नेलं, तेव्हा त्यांना वर्गमुळाचं चिन्ह दिसलं. तिसऱ्याला त्यांनी बोट दिलं नाही. वही मिटली.

संध्याकाळी ते आईला म्हणाले, ‘त्या बाईंना येऊ नका म्हणून सांग. माझं गणित गेलं.’

आई काय काय समजावत राहिली. हात गेला, पाय गेला, यावर त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. उलट दवाखान्यात ते डॉक्टरांना खाटांची संख्या वर्गसंख्या आहे म्हणून सांगत होते. आता ते गणिताविषयी मृत माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते, आणि मला खरोखर भीती वाटली. मेंदूत नेमकं काय उरलं आहे हे आम्हाला कोण सांगणार होतं?

दोन-चार दिवस ओटा रिकामाच राहिला. सकाळी त्यांना अंगणात फिरवायचं काम माझ्याकडे होतं. ते पाय ओढत चालायचे, मी मागे. गप्प राहणं मला जमत नाही, त्यामुळे एकदा मी मुद्दाम कुरापत काढली. म्हटलं, जाता जाता एवढं तरी सांगा, उणे गुणिले उणे अधिक का? ते थांबले. मला वाटलं, चिडणार. पण त्यांनी काठीनं फाटकाकडे खूण केली आणि मला तिकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं.

‘ही अधिकाची दिशा. आता उणे म्हणजे पाठ फिरव.’ मी फिरले. समोर न्हाणीची भिंत आली. ‘आणखी एक उणे.’ मी पुन्हा फिरले. तोंड कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फाटकाकडे.

‘झालं तर मग. किती चालायचं ते आकडा सांगतो. कुठं तोंड करून चालायचं ते चिन्ह सांगतं. तीन चोक बारा पावलं, आणि दोनदा पाठ फिरवल्यावर तोंड पहिल्यासारखंच.’

हे तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू थांबलीस कुठं, पाय आपटत आईकडे गेलीस. मी हसले, आणि मग हसता हसता थबकले. ज्याचं गणित गेलं तो माणूस इतकं स्वच्छ कसं सांगेल? शिवाय एक गोष्ट डोक्यात घोळू लागली. उणे तीन गुणिले उणे चार याचं त्यांनी उणे बारा सांगितलं होतं. म्हणजे चारचं उणे त्यांना दिसलं होतं. तीनचं दिसलं नव्हतं.

त्याच दुपारी जेवताना बाबांनी पुन्हा चटणी विचारली. आईचे डोळे भरून आले आणि माझा पारा चढला. मी उठून त्यांच्यासमोरचं ताट गर्रकन अर्धं फिरवलं आणि म्हटलं, हे काय आहे मग? आई ओरडली, कारण वाढलेलं ताट असं फिरवणं तिच्या लेखी पाप होतं. बाबांनी मात्र चटणीकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, आता वाढलीस होय. बोटानं चाखली. मग चटणी, लिंबू, कोशिंबीर सगळं मन लावून खाल्लं. आणि भाजी, जी आता डावीकडे गेली होती, ती तशीच राहिली.

मी आईकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती. अर्धी दाढी, उभे केस, उण्याचं चिन्ह, वर्गमुळाचं चिन्ह, चटणी, सगळं एकाच बाजूचं होतं. आणि आई नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसते. पानाला बसताना, टीव्ही बघताना, देवळातसुद्धा. हे तिच्या लक्षात आलं तो क्षण मला दिसला. तिनं पदर तोंडाला लावला. ‘म्हणजे मी दिसतच नव्हते त्यांना,’ ती म्हणाली, आणि ते दुःखानं म्हणाली की सुटकेनं, ते मला आजही सांगता येणार नाही.

व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या ताईंनी दुसऱ्या दिवशी तपासून सांगितलं की डोळ्यांत दोष नाही, गणितही जागेवर आहे. मेंदूचं लक्ष तेवढं डावीकडे जात नाही, या आजारात असं होतं, आणि सवयीनं ते बरंच सुधारू शकतं. वाचताना कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारून द्या, आधी ती रेघ शोधायची, मग वाचायला सुरुवात करायची. आईनं लगेच सुचवलं की मग पाणी, चष्मा, सगळं उजवीकडेच ठेवू या. आयुष्यात पहिल्यांदा ती चटणी उजवीकडे वाढायला तयार झाली होती. ताईंनी मान हलवली. जे त्यांना हवंहवंसं आहे ते डावीकडेच ठेवा, म्हणजे ते शोधतील.

लाल रेघ ऐकून बाबा पहिल्यांदा हसले. नोकरीभर त्यांनी पोरांना समास आखायला लावला होता. आता रोज सकाळी ते स्वतः समास शोधत बसायचे. कधी सापडे, कधी निम्म्यातच बोट थांबे. चिडायचे, कागद ढकलून द्यायचे, पुन्हा ओढायचे. मी शेजारच्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं आणि एवढंच बजावलं की आता वहीत खोडायचं नाही, तोंडानं सांगायचं. हे मला जमायचं न्हाई, त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी आल्या.

त्या दुपारी ओट्याच्या फरशीवर मी खडूनं लांबच लांब संख्यारेषा आखली. मधोमध शून्य, डाव्या टोकाला जाड लाल रेघ. बाबा खुर्चीत, बाई समोर वही घेऊन. आई डाव्या टोकाला, लाल रेघेच्या पलीकडे, मेथी निवडत बसली. वर्गसमीकरणाचं उदाहरण होतं, एक्सचा वर्ग बरोबर एकोणपन्नास. बाबांची काठी शून्यावरून निघाली आणि उजवीकडे झपझप सातवर गेली. ‘सात,’ ते म्हणाले. बाईंनी लिहिलं. मग पेन तसंच धरून बसल्या. मी जीभ चावून गप्प राहिले, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

‘सर,’ त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘दुसरं ऱ्हायलं.’

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे. काठी उचलून त्यांनी पुन्हा शून्यावर ठेवली. तिथून ती डावीकडे सरकेना. त्यांचं कपाळ घामानं भिजलं. समास कुठंय, ते स्वतःशीच म्हणाले, आणि मान वळवू लागले. आधी मान, मग नजर, मग काठी. उणे एक. उणे दोन. चारपाशी ती थांबली, आईच्या हातातली मेथीही थांबली. पुन्हा सरकली.

‘उणे सात,’ बाबा म्हणाले. ‘सातचा वर्गही तोच, उणे सातचाही तोच.’ काठी त्यांनी आणखी पुढं नेली, लाल रेघेपर्यंत, आणि रेघेच्या पलीकडे त्यांना मेथीची जुडी दिसली, मग हात, मग आई.

‘तू कधी येऊन बसलीस?’

‘मी इथंच आहे,’ आई म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. मान पुन्हा उजवीकडे वळू नये म्हणून काठी सोडून त्यांनी चांगल्या हातानं हनुवटी धरून ठेवली होती. तसेच, तिच्याकडे बघतच, ते बाईंना म्हणाले, ‘लिहा बाई. दोन्ही लिहा.’

बाईंनी दोन्ही लिहिलं, मोठ्या अक्षरात. त्या दिवशी घरी जाऊन त्यांना काही खोडावं लागलं नाही.